विहीर मचूळ का होते

गुहागरच्या आमच्या आगरातल्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत कुणी नाव ठेवणार नाही. एप्रिल लागला की मात्र काकी चहाचा पहिला घोट घेते आणि म्हणते, "मचूळ लागतंय रे." मग पिण्याचं पाणी वरच्या वाडीतून आणायचं आणि न्हाणीत साबणाला फेस येत नाही म्हणून कुरकुरायचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. म्हणजे 100 चौरस मीटरच्या कौलांवरून पागोळ्यांनी तीन लाख लीटर पाणी अंगणात पडतं. एवढं पडूनही चैत्रात चहा खारट का?

पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या, रेतीत पावसाचं गोडं पाणी मुरतं, पण खाली समुद्राचं पाणी आधीच ठाण मांडून असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. एक लीटर गोडं पाणी एक किलोचं, तर समुद्राचं साधारण 1.025 किलोचं. फरक एवढासाच, पण परिणाम मोठा. समुद्रसपाटीच्या वर विहिरीचं पाणी एक फूट असेल, तर सपाटीखाली गोड्या पाण्याचा सुमारे 40 फुटांचा थर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या बाडोन घायबेन यांनी हे गणित मांडलं आणि 1901 मध्ये जर्मनीतल्या हर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे.

हाच हिशेब उलटा वाचला की घाम फुटतो. वरची पातळी फूटभर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 फूट वर सरकू पाहतं. त्यात विहिरीच्या नेमकं खाली, मोटर ओढते तिथे, खाऱ्या पाण्याला उंचवटा येतो. रहाटाची गाडगी जेवढं उपसायची तेवढं पाणी बाजूच्या रेतीतून भरून येत असे. मोटर तासाभरात टाकी भरते आणि आपण खूश होतो. आता आम्ही सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं मोटर लावतो, आणि फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप, तळापासून चांगला वर बांधलाय. मचूळपणा गेला नाही, पण दोन-तीन आठवडे पुढे ढकलला गेला.

सड्याकडच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराकडच्या, विहिरींचं दुखणं वेगळं. तिथे खारं पाणी नाही, पण जांभा आहे. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी आत घेतो आणि सोडूनही देतो. त्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो. मुरलेलं पाणी तिथे अडतं, आडवं वाहतं आणि उतारावर झरा होऊन पऱ्यात, म्हणजे छोट्या ओढ्यात, उतरतं. जुलैत ही विहीर काठोकाठ असते. छपराचं पाणी तेव्हा तिच्यात सोडणं म्हणजे भरल्या हंड्यात आणखी तांब्या ओतणं. हे सगळ्यांना पटत नाही, पण माझं मत असं की सड्याच्या उतारावर खरी बचत दसरा-दिवाळीत करायची. पऱ्याची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरून वनराई बंधारा घालायचा. पऱ्यात पाणी तुंबलं की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी बाहेर पडायची घाई करत नाही, आणि त्या पट्ट्यातल्या विहिरी जास्त दिवस टिकतात.

आता माड. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला 30-40 लीटर पाणी पुरतं, पाटाने सोडलं तर त्याच्या कितीतरी पट जातं. शिवाय आपण पाणी ओततो बुंध्याशी, आणि पाणी पिणारी कोवळी मुळं असतात बुंध्यापासून पाच-सहा फुटांपर्यंत पसरलेली. आळं तेवढं रुंद हवं. त्यात नारळाची सोडणं, म्हणजे सोललेल्या नारळाच्या काथ्याच्या साली, पुरायची, पोकळ बाजू वर करून, वाट्या मांडाव्यात तशी. एक वाळकं सोडण रात्रभर बादलीत बुडवून सकाळी हातात घेऊन बघा, पोराला उचलल्यासारखं जड लागतं. ते स्वतःच्या वजनाच्या तीन ते पाचपट पाणी धरतं. वरून पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, वीतभर थर द्यायचा. आमच्याकडे लोक पातेरा गोळा करून पेटवतात आणि त्याच संध्याकाळी उघड्या मातीवर पाइप धरून उभे राहतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

घरातलं थोडक्यात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लीटरहून जास्त घालवतो, आणि वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तुळशीला किंवा मिरचीला. न्हाणीचं पाणी गोटे-रेतीच्या खड्ड्यातून केळीला आणि कर्दळीला, कच्च्या खायच्या पालेभाजीला मात्र नाही. कपड्यांच्या पावडरचं पाणी एकाच केळीखाली वर्षभर सोडू नका, त्यातल्या सोडियमने माती घट्ट होते.

आमच्या विहिरीत आतून चिऱ्यांचे थर आहेत. दर रविवारी वाकून किती चिरे उघडे पडले ते मोजतो आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहितो. गेल्या वर्षी रामनवमीला अकरा होते, यंदा नऊ. काकीला आकडा सांगितला, तर म्हणाली, "नऊ का असेनात, आधी चहा पिऊन बघू दे."