चित्राला ऐकू येणारा आवाज वेगळाच असतो

म्युझियमच्या हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम ठेवला तर भिंतीवरच्या जुन्या चित्रांना काय होईल, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात काय होणार, कोणी हात थोडाच लावतंय. पण या प्रश्नावर लोक पीएचडी करतात, तैलचित्रं जुनी होत जातात तशी त्यांची कंपनं कशी बदलतात यावर बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०११ मध्ये एक प्रबंध झालाय, आणि मला हा विषय इतका आवडतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॅनव्हासवरचं चित्र म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून ठोकलेलं कापड, त्यावर सरसाचा हात, मग अस्तराचा थर आणि वर तेलरंग. म्हणजे रचनेने तो तबल्याचा भाऊच. ताणलेल्या पातळ वस्तूला स्वतःचा सूर असतो, ताण वाढला की चढतो, वजन किंवा आकार वाढला की उतरतो, आणि दमट हवेत तबला उतरतो तसा सरस मऊ पडून चित्राचाही ताण उतरतो.

हिशोब करून बघा. मीटरभर लांब-रुंद चित्र घ्या, दर चौरस मीटरला १ किलो वजन, कडेच्या दर मीटरला २०० न्यूटन ताण. ताणाला वजनाने भागून वर्गमूळ काढलं की कापडावरून लाट सेकंदाला १४ मीटर वेगाने धावते आणि चित्राचा सगळ्यात खालचा सूर येतो १० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा कंपनं. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं रेम्ब्रांटचं १६४२ मधलं 'नाइट वॉच' सुमारे ३.८ बाय ४.५ मीटर आहे, तेवढ्याच ताणावर आणि वजनावर ते अडीच हर्ट्झच्या आसपास जाईल. या पहिल्या सुराच्या वर आणखी सूर दाटीने बसलेले असतात आणि बासचा धमधम त्यांच्यातच जाऊन पडतो.

खरी गोम इथे आहे. ३० हर्ट्झच्या आवाजाच्या एका लाटेची लांबी ११ मीटरहून जास्त, म्हणजे अख्खं चित्र एकाच वेळी ढकललं जातं, पुन्हा ओढलं जातं. तीन हजार हर्ट्झला दाब इतक्या झपाट्याने उलटतो की कापडाला हलायला वेळच मिळत नाही. आपल्या कानाचं बरोबर उलटं, आपल्याला तीन हजार हर्ट्झ झोंबतो आणि तीस जेमतेम कळतो. आणि आवाजाचं मीटर कानाप्रमाणेच लावलेलं असतं! डेसिबल-ए मध्ये ३१.५ हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३९ डेसिबल वजा होतात, म्हणजे मीटरवर ७० दिसलं तरी चित्रावर १०९ आदळत असू शकतात. 'आवाज मर्यादेत होता' हे वाक्य चित्राला लागू पडत नाही.

(५२८ हर्ट्झ ऐकून पेशी दुरुस्त होतात वगैरे व्हिडिओ फिरतात, त्याला काडीचा आधार नाही. फ्रीक्वेन्सीत जादू नसते. ताण, वजन, आकार सांगा, मग कुठल्या सुराला काय हलेल ते काढता येतं.)

एका रात्रीत रंग गळून पडेल असं नाही. पण शंभर-दोनशे वर्षांत तेलरंग ठिसूळ होतो, जाळीदार तडे जातात, तड्यांच्या कडा पापडासारख्या उचलल्या जातात, त्यात कापड हजारो वेळा मागेपुढे झालं की तार वाकवून वाकवून तुटते तसं होतं.

उपाय आहेत. चित्राच्या मागे घट्ट पाटी बसवली की मधली कोंडलेली हवा उशीसारखं काम करते आणि कापडाचं हलणं खूप कमी होतं. मग लेझर व्हायब्रोमीटरने मोजतात, चित्राला न शिवता, परतलेल्या प्रकाशाच्या फ्रीक्वेन्सीतला बारीकसा बदल बघून. ठिपका रंगावर स्थिर दिसतो, पण स्क्रीनवर रेघ नाचत असते. पाटी लावून तोच बास पुन्हा वाजवायचा आणि रेघ किती खाली बसली ते बघायचं.