नवशिक्यांचे प्रश्न आणि ‘डुप्लिकेट’चा शिक्का : पार्श्वभूमी

प्रोग्रामिंगमधील नवशिक्यांच्या प्रश्नांना ऑनलाइन उत्तर कसे द्यावे, हा वाद यूझनेटच्या, म्हणजे वेबपूर्वीच्या ऑनलाइन चर्चागटांच्या, काळापासूनचा आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तेथे एकत्र करून ठेवली जात आणि ती न वाचता विचारणाऱ्याची खरडपट्टी निघे. दर सप्टेंबरात विद्यापीठांतून येणारे नवे विद्यार्थी काही आठवड्यांत रुळत असत; १९९३ नंतर मात्र इंटरनेट जोडणी देणाऱ्या व्यावसायिक सेवांमार्फत येणाऱ्यांचा ओघ थांबलाच नाही. प्रश्न कसा विचारावा हे शिकवणारा २००१ मधील एक प्रदीर्घ लेख पुढे अनेक ठिकाणी उत्तराऐवजीच पुढे केला जाऊ लागला.

२००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचा उद्देशच वेगळा होता. विचारणाऱ्याची अडचण सोडवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पुढे शोधयंत्रावरून येणाऱ्या हजारोंसाठी उत्तरांचा संग्रह उभारणे तेथे महत्त्वाचे मानले गेले, आणि एकाच प्रश्नाची उत्तरे दहा ठिकाणी विखुरू नयेत म्हणून नवा प्रश्न ‘डुप्लिकेट’ ठरवून बंद करण्याची व जुन्याशी जोडण्याची सोय झाली. त्यासाठी इतरांच्या पसंतीतून ३,००० गुण मिळवलेल्या पाच सदस्यांची मते लागत. २०१४ मध्ये या नियमात बदल होऊन, एखाद्या टॅगमध्ये (प्रश्नाला लावलेल्या विषयाच्या खुणेत) सुवर्णपदक मिळवलेल्या सदस्याला त्या टॅगमधील प्रश्न एकट्याच्या मताने डुप्लिकेट ठरवता येऊ लागला.

नवशिक्यांच्या आजवरच्या तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी या निर्णयात आहे. समर्थकांचे म्हणणे असे की तज्ज्ञाला जुने उत्तर कोठे आहे हे ठाऊक असते, त्यामुळे विचारणाऱ्याला ते काही मिनिटांत मिळते आणि बंद झालेला प्रश्नही वाटाड्या म्हणून उरतो. हे तत्त्वतः खरे आहे. परंतु जावा या प्रोग्रामिंग भाषेत रिकामे चल (व्हेरिएबल) वापरल्यावर येणाऱ्या नल पॉइंटर एक्सेप्शन या त्रुटीचेच उदाहरण घेतले, तर ती त्रुटी म्हणजे काय हे सांगणारा २००८ मधील प्रश्न असंख्य नव्या प्रश्नांना जोडला गेला आहे. नवशिक्याला मात्र आपल्या चाळीस ओळींत नेमके कोणते चल रिकामे राहिले आणि का, हे हवे असते. व्याख्या वाचून ते कळायचे, तर चुकीचा माग काढण्याचे कौशल्य आधीच हवे, आणि तेच तर त्याच्याजवळ नसते. ‘अमुक ओळीवर थांबून मूल्य छापून पाहा’ एवढी एक टिप्पणी दुव्यासोबत दिली असती, तरी बरेच साधले असते. पण ती लिहिण्याचे गुण मिळत नव्हते.

ही जागा नवख्यांचे स्वागत करत नाही, अशी कबुली कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली. त्याच वर्षी नवी आचारसंहिता आली आणि नव्या सदस्याच्या नावाखाली तशी खूण दिसू लागली. २०१९ मध्ये प्रश्नाला मिळणाऱ्या पसंतीचे गुण पाचावरून दहा झाले. त्याच वर्षी प्रश्न बंद करण्यासाठी लागणारी मतेही पाचावरून तीनवर आली, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. पोर्तुगीज, रशियन, जपानी व स्पॅनिश आवृत्त्या निघाल्या, भारतीय भाषांपैकी एकाही भाषेची नाही. त्यामुळे मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्याला अडचण मांडण्याआधी इंग्रजीशी झुंजावे लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर तेथे बंदी आली, पण नवशिके स्वतःच चॅटबॉटकडे वळू लागले, कारण तेथे तोच प्रश्न कितीही वेळा विचारता येतो. २०२४ मध्ये नवख्यांचे प्रश्न प्रसिद्ध होण्यापूर्वी अनुभवी सदस्यांनी तपासून सुधारणा सुचवण्याची स्वतंत्र जागा सर्वांसाठी सुरू झाली. प्रश्न चारचौघांत नापसंत होण्याआधी कोणीतरी विचारणाऱ्याशी बोलते, एवढे त्यातून नक्कीच साधले.