रायबंदरचा बांध आणि हरवलेली डावी बाजू

रायबंदरहून पणजीला जाणाऱ्या बांधावरून ज्यांचे नेहमीचे येणे-जाणे आहे, त्यांना डोळे मिटूनही तो रस्ता दिसतो: उजव्या हाताला मांडवी, डाव्या हाताला मिठागरे. परतताना बाजू बदलतात. आता अशी एक व्यक्ती कल्पावी, जी घरी बसून हा रस्ता आठवताना पणजीकडे जाण्याच्या वाटेवर फक्त नदीचे वर्णन करते आणि परतीची वाट आठवायला सांगितली की नदी वगळून केवळ मिठागरांबद्दल बोलते.

बांधाचे उदाहरण माझे आहे, मूळ प्रयोग इटलीतील मिलान शहरातला. एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्झात्ती यांनी १९७८ साली मेंदूच्या उजव्या अर्धगोलाला इजा झालेल्या दोन रुग्णांना कॅथेड्रलसमोरचा ओळखीचा चौक आठवायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे असल्याची कल्पना केली, तेव्हा त्यांना प्रामुख्याने उजवीकडच्या इमारती आठवल्या. कॅथेड्रलच्या दाराशी उभे राहून समोर पाहत असल्याची कल्पना केली, तेव्हा मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधी सांगितलेल्या गळाल्या. म्हणजे स्मृती शाबूत होती. हरवली होती ती मनातल्या चित्राची डावी बाजू.

या विकाराला डॉक्टर 'नेग्लेक्ट' म्हणतात. तो बहुधा उजव्या अर्धगोलात पक्षाघाताचा झटका आल्यावर दिसतो. डोळे ठीक असूनही रुग्ण ताटातला डावीकडचा भात तसाच ठेवतो, अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो, आणि घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो. यामागचे एक प्रचलित स्पष्टीकरण असे, की उजवा अर्धगोल दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतो, डावा मात्र मुख्यतः उजवीकडेच. त्यामुळे उजवा निकामी झाला की डावीकडे पाहणारे कोणी उरत नाही. मला याहून विलक्षण वाटते ती गोष्ट अशी, की आपले काही हरवले आहे हे रुग्णाला अनेकदा जाणवतच नाही. आपल्यालाही पाठीमागे काळोख दिसत नाही. तिथे काहीच दिसत नाही.

तरीही न जाणवलेले सगळेच वाया जात नाही. १९८८ साली जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी एका रुग्ण महिलेला दोन घरांची चित्रे दाखवली. त्यांतल्या एका घराच्या डाव्या बाजूला आग लागली होती. दोन्ही घरे सारखीच आहेत, असे ती म्हणाली, पण राहायला कोणते आवडेल असे विचारल्यावर बहुतेक वेळा तिने न जळणारे घर निवडले. म्हणजे डावीकडची माहिती मेंदूत कुठेतरी पोहोचत होती, फक्त जाणिवेच्या उंबरठ्याच्या आत येत नव्हती.

उपचाराचा एक मार्ग याच विस्कटलेल्या अवकाशातून निघाला. १९९८ साली फ्रान्समधील संशोधकांनी रुग्णांना समोरचे दृश्य १० अंश उजवीकडे सरकवणारा लोलकांचा चष्मा घालून काही मिनिटे समोरच्या खुणांकडे बोट दाखवायला लावले. आधी बोट उजवीकडे चुकत होते, मग हाताने ती चूक डावीकडे वळून सुधारली. चष्मा उतरवल्यावर तो डावा कल टिकला आणि निदान दोन तास रुग्णांना डावी बाजू अधिक सापडत राहिली. पुढच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत.