बोल्ट बंद झाला म्हणजे नळी बरोबर बसली?

‘नवी नळी बसवली, काडतूस घातलं, बोल्ट बंद झाला की रायफल तयार.’ यवतमाळ-अमरावतीकडे रोही (नीलगाय)-रानडुकरांपायी बंदूक बाळगणाऱ्या घरांत हे सर्रास ऐकू येतं. हे साफ चूक आहे आणि जिवावर बेतू शकतं.

बोल्ट म्हणजे काडतूस मागून अडवणारा सरकता दांडा, आणि चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा. बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. पॉइंट ३१५ बोअरच्या रायफलचं काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं. अंतर जास्त असलं तरी बोल्ट बंद होतोच, उलट सहज होतो. मग बार उडताना काडतुसाची पितळी केस, म्हणजे बाहेरचं कवच, बुडाजवळ ताणली जाते. फाटली तर तापलेला वायू थेट तोंडावर येतो. घोड्याला दोरी बांधून लांबून एक बार काढून पाहणं हीसुद्धा परीक्षा नव्हे. एक केस टिकली म्हणून दुसरी टिकेलच असं नाही. उडालेल्या केसवर बुडाच्या जरा वर चकचकीत रिंगण दिसलं, तर ती रायफल पुन्हा चालवू नका.

खरी तपासणी रिकाम्या रायफलवर, पोलादी गेजने, म्हणजे काडतुसाच्या जागी घालायच्या मापाच्या तुकड्याने होते. ‘गो’ (कमीत कमी मापाच्या) गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, ‘नो-गो’वर (जास्त मापाच्या) होता कामा नये, आणि जोर अजिबात लावायचा नाही. हे काम परवानाधारक कारागिराचंच. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दुरुस्ती आणि चाचणीलाही परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना त्याला पुरत नाही.