एकाच झाडाचे डोळे, मग संत्रा वेगळा कसा? ‘फिनोटाइप’ समजून घ्या
(आमच्या पन्हेरीतून कलमा नेणाऱ्या कास्तकारांसाठी)

आंबिया (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचा संत्रा) तुटायला आला की दरवर्षी कोणीतरी येऊन विचारतोच, “भाऊ, डोळे एकाच झाडाचे होते ना? मग त्याच्या वावरातला संत्रा गोड अन् माझाच आंबट कसा?” प्रश्न रास्त आहे. (डोळा म्हणजे कलम बांधायला चांगल्या झाडावरून, म्हणजे मातृवृक्षावरून, घेतलेला अंकुर.)

मातृवृक्षाकडून डोळ्यासोबत येणारा जनुकांचा संच म्हणजे जीनोटाइप. झाड प्रत्यक्षात जसं दिसतं, वाढतं, फळतं तो फिनोटाइप. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ मध्ये हे शब्द आणले; त्यांचे प्रयोग मात्र घेवड्यावरचे. फिनोटाइप नुसता डोळ्यांना दिसतो असं नाही. रसाची गोडी मीटरवर मोजतात, तीही फिनोटाइपमध्येच धरायची.

डोळा बांधलेल्या कलमेत जनुकं मातृवृक्षाचीच असतात. फिनोटाइप घडायला मात्र जमीन, पाणी, खुंट (ज्यावर डोळा बांधतात ते मुळांचं रोप), हवा हे सगळे हात लावतात. दुसऱ्याच्या वावरात कशाला जाता, आपलंच एक झाड घ्या. आंबियाचं फळ ऑक्टोबरात तोडलं तर बरेचदा हिरवट असतं, कारण रात्री अजून गार झालेल्या नसतात. मृगाचं (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचं) फळ हिवाळा खाऊन फेब्रुवारी-मार्चात उतरतं आणि केशरी रंग धरतं. झाड तेच!

आता कामाचं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर जमीन चुनखडीची आहे का ते आधी बघा. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. तिथं कलम बदलून उपयोग नाही, नवीही पिवळीच पडेल. (हे सांगून आम्ही आमचाच धंदा कमी करतो, पण असो.)

याउलट जोडाच्या (डोळा खुंटाला जुळतो त्या जागेच्या) खालून ठसठशीत काट्यांचा फुटवा निघाला, तर “कलम जंगली झाली” म्हणू नका. तो जंबेरी लिंबाच्या खुंटाचा फुटवा, त्याची जनुकंच वेगळी. कितीही खतपाणी द्या, त्याला संत्रा लागणार नाही. कोवळा असतानाच बुडापासून मोडून काढा.

आणि “या संत्र्याची जात बिघडली” असं लगेच ठरवू नका. बिघडलेला दिसतो तो फिनोटाइप. डोळा कोणत्या झाडाचा आणि खुंट कोणता, याची जबाबदारी आमची. तक्रार घेऊन येताना जोड दिसेल असा फोटो, पिवळं पान आणि माती परीक्षणाचा कागद सोबत आणा. नुसतं फळ आणलं तर आम्ही ते खाऊन टाकू, सांगता काही येणार नाही.