कॉलेजात समुपदेशन हवंय? कागदपत्रं कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

समुपदेशकाशी बोलायला रीतसर अर्ज लागत नाही. प्राचार्यांची परवानगी नको, विभागप्रमुखांची चिठ्ठी नको, पालकांची सहीसुद्धा नको (अकरावी-बारावीची मुलं मात्र 18 वर्षांखालची असतात. त्यांच्या औषधोपचाराला पालकांची संमती लागते). कॉलेजचं ओळखपत्र दाखवायचं, नाव-वर्ग सांगायचा, वेळ घ्यायची. मुलं अडतात ती कागदांपाशी नाही, त्या खोलीच्या दाराशी. कुणी पाहिलं तर?

बोलणं सहसा खोलीबाहेर जात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवावी लागते. जिवाला धोका असेल तर अपवाद. तरी पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा, ‘तुम्ही काय लिहून ठेवता आणि ते कोण वाचतं?’

‘आमच्याकडे समुपदेशकच नाही’ असं उत्तर मिळालं तर सर्वोच्च न्यायालयाचे 25 जुलै 2025 चे निर्देश दाखवा. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. विचारणा लेखी करा, पोच घ्या.

कागद लागतात ते सवलत मागताना. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. त्यावर उपचारांच्या तारखा आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. आजाराचं सविस्तर वर्णन आपणहून देऊ नका. अर्ज परीक्षेच्या तोंडावर नको, उपचार सुरू झाले की लगेच द्या. कमी हजेरीवाल्यांची यादी लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांना ऑफिस फारसं ऐकून घेत नाही.

परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर वाट लांबची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरला आहे, पण या सवलतीला साधारणपणे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. परीक्षेच्या ताणावर हे प्रमाणपत्र मिळत नाही, दीर्घकाळच्या आजारासाठी ते आहे.

औषधांची गरज पडली तर समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात केसपेपरलाही पैसे पडत नाहीत.

रात्री दोन वाजता वसतिगृहात जीव घुसमटला तर सकाळची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर खोलीत एकटं थांबू नका. शेजारच्या खोलीतल्या कुणालाही उठवा, रेक्टरांना बोलवा, 112 लावा.