नदीत आज पाणी कुठलं?

मे महिन्याच्या दुपारी बांभोरीच्या पुलावरून गिरणा पाहावी. वाळू, वाळूत खणलेले खड्डे, मध्येच एखादं डबकं. त्याच दुपारी ऋषिकेशला गंगा भरून वाहत असते आणि जळगाव-धुळ्याहून सुट्टीत गेलेली मंडळी लाइफ जॅकेट चढवून तिच्यात उतरत असतात. पाऊस दोन्हीकडे नाही. मग एकीकडे पाणी आहे आणि दुसरीकडे नाही, असं का? राफ्टिंगचा बेत आखण्याआधी एवढं समजून घेतलं की कोणती नदी, कोणता महिना आणि दिवसातली कोणती वेळ, हे बरंचसं आपोआप ठरतं.

खानदेशातल्या नद्या पावसावर जगतात. त्यातच यावल, रावेर, चोपडा या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडा पट्टा आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेले गोटे, भरड आणि वाळू यांचा हा थर पाणी असं पितो की बरेच नाले तापीपर्यंत पोचण्याआधीच त्यात गडप होतात. त्याच्या खाली तापीकाठची सपाट गाळाची जमीन. केळीला सोन्यासारखी, राफ्टिंगला निरुपयोगी. मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटरमध्ये तापी जेमतेम साडेसातशे मीटर उतरते, म्हणजे सरासरी किलोमीटरला एक मीटर, आणि आपल्या वाट्याला आलेल्या सपाट भागात त्याहूनही कमी.

गंमत म्हणजे रॅपिड, म्हणजे राफ्टिंगची मजा देणारा खळाळ, बनतो तो बझाड्यातल्या मालासारख्याच मालातून. हिमालयात बाजूचा नाला पुराच्या वेळी घराएवढे मोठे धोंडे थेट मुख्य नदीच्या अंगावर लोटतो. पात्र अरुंद होतं, वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि धोंड्यांच्या उतारावरून ते वेगानं खाली घसरतं. नकाशावर जिथे नाला नदीला मिळतो, तिथे किंवा त्याच्या थोडं खाली बहुतेक वेळा खळाळ सापडतो. उतार, अरुंद वाट आणि अडथळा या तिन्ही गोष्टी जागेवरच असतात. रोज बदलतं ते फक्त पाणी.

ते पाणी तीन ठिकाणांहून येतं: आभाळातून, बर्फातून किंवा वीजघराच्या टर्बाइनमधून. तिघांची घड्याळं वेगवेगळी.

बर्फाचं घड्याळ सूर्यावर चालतं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून बर्फ एका दिवसात संपत नाही, एप्रिलपासून महिनोन्‌महिने पुरवून पुरवून पाणी देतो. वितळ सर्वांत जास्त होते दुपारी दोन-तीनच्या सुमारास. डोंगरी नदीचा वेग सेकंदाला २ मीटर धरला तर पाणी तासाला ७ किलोमीटर जातं. वाढलेल्या पाण्याची लाट पाण्यापेक्षा थोडी पुढेच धावते, तरी ७० किलोमीटर खाली ती पोचायला सहा ते दहा तास लागतात. हिमनदीजवळच्या ओढ्याला पहाटे पाणी सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतं ते यामुळेच. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवा, येऊन दोन दिवस ढग राहिले की वितळ मंदावते आणि पाणी उतरतं. ऊन पडलं की पुन्हा चढतं.

टर्बाइनचं घड्याळ माणसाच्या हातात असतं. ऋषिकेशची गंगा अर्धी बर्फाची, अर्धी धरणाची आहे. देवप्रयागला अलकनंदेला मिळणारी भागीरथी वर टिहरीच्या २६०.५ मीटर उंच धरणातून आणि त्याखालच्या कोटेश्वर धरणातून येते. वीज किती करायची यावर तिचं पाणी कमी-जास्त होतं. उघड्या आभाळाखाली, ढगाचा ठिपका नसताना नदी चढू शकते, हे ध्यानात ठेवायलाच हवं. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात थलौटजवळ बियासच्या पात्रातल्या खडकांवर उभे असलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून आलेल्या पाण्यात वाहून गेले. ते राफ्टिंगलाही गेले नव्हते, फोटो काढत होते. गिरणेला आवर्तन सुटणार म्हणून आपल्याकडे काठच्या गावांना सावध करतात, तोच प्रकार हा. फरक एवढाच की अरुंद दरीत पाण्याला पसरायला जागा नसते, ते सरळ उंच होतं.

किती पाणी म्हणजे किती? तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या वाचून क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट, हा शब्द आपल्याला पाठ आहे. हिमालयातले आकडे बरेचदा क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनमीटरमध्ये असतात. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक, आणि वजनात सेकंदाला एक टन. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला २८३ टन. दहा टनी २८ ट्रक दर सेकंदाला समोरून जात आहेत असं समजा.

जोर मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. वाहत्या पाण्यात अडकलेल्या माणसाचं ०.३ चौरस मीटर अंग प्रवाहासमोर आलं आणि पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असला, तर त्याच्यावर सुमारे ६० किलो वजनाएवढा जोर पडतो. २ मीटर म्हणजे झपझप चालण्याचा वेग, फार नव्हे. तोच ३ मीटर झाला की जोर १३५ किलोवर जातो. अडकलेल्याला दोघांनी ओढूनही काढता येत नाही ते यामुळे.

रॅपिडला १ ते ६ अशी प्रत देतात. पहिली म्हणजे नुसत्या लहरी, सहावी म्हणजे जवळजवळ अशक्य. सहलीच्या माणसानं तिसऱ्या प्रतीपर्यंत जावं, चौथीला अनुभवी गाईड आणि सराव झालेली टोळी असल्याशिवाय जाऊ नये. पण ही प्रत दगडावर कोरलेली नसते. पाणी कमी असताना खडक उघडे पडतात, राफ्ट त्यांवर चढून अडकतो. मध्यम पाण्यात लाटांची सरळ रांग मिळते, मजा तिथेच आहे. पाणी फार वाढलं की लहान रॅपिड बुडून नाहीसे होतात आणि मोठ्या खडकांमागे पाणी उलटं फिरवणारे खड्डे तयार होतात. त्यांना होल म्हणतात. शिवाय काठालगतचे शांत कोपरे, ज्यांना गाईड एडी म्हणतात, ते पुसले जातात. मग पडलेला माणूस थांबायला जागा न मिळता लांबवर वाहत जातो.

आता प्रत्यक्ष बेत. सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे लडाखमधली झांस्कर बाद. तिचा हंगाम त्यानंतरचा. ऋषिकेशला राफ्टिंग जून संपताना बंद होतं आणि सप्टेंबरमध्ये पाणी पाहून सुरू होतं. कुलूला बियासवर १५ जुलै ते १५ सप्टेंबर बंदी असते. पाण्याच्या दृष्टीनं ऋषिकेशला मे महिना जूनपेक्षा बरा. जूनमध्ये वितळ वाढते, पाणी गढूळ होऊ लागतं आणि शेवटी मोसमी पाऊस येऊन ठेपतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा मेच्या मध्यासाठी मार्चच्या मध्यालाच भुसावळहून दिल्लीकडच्या गाडीचं तिकीट बघायचं. शनिवार-रविवार टाळावा. चारधामची यात्रा आणि दिल्लीची सुट्टीतली गर्दी एकाच रस्त्यावर येते, सकाळची वेळ धरलेली असली तरी तुम्ही राफ्टपाशी पोचता दुपारी.

आणि दुपार नकोच. उन्हानं डोंगर तापले की हवा दरीतून वर चढू लागते. ऋषिकेशकडे येणाऱ्या राफ्टला हा वारा समोरून लागतो, शांत टप्प्यात हात भरून येतात तरी राफ्ट पुढे सरकत नाही. वळवाची वादळंही दुपारनंतरच बांधली जातात. सकाळी आठ-नऊला पाण्यात आणि जेवणाआधी बाहेर, हा हिशेब सर्वांत बरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना शिवपुरी ते ऋषिकेश हा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा पुरतो. कौडियालापासूनचा ३५-३६ किलोमीटरचा टप्पा मोठा आहे आणि त्यातला ‘द वॉल’ हा रॅपिड चौथ्या प्रतीचा. चौदा वर्षांखालच्या मुलांना राफ्टमध्ये घेत नाहीत, हे घरूनच सांगून ठेवावं म्हणजे काठावर रडारड होत नाही.

आठ दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज पाहायचा, पण ऋषिकेशचा नव्हे. रुद्रप्रयाग, चमोली, उत्तरकाशी या जिल्ह्यांचा. पाऊस तिथे पडतो, फटका खाली बसतो. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तो दिवस सोडून द्यावा आणि त्यासाठीच बेतात एक दिवस मोकळा ठेवावा. विजांसाठी शेतकऱ्यांना ठाऊक असलेलं पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप इथेही कामाला येतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आलं. पाण्याबाहेर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. केंद्रीय जल आयोग ऋषिकेशची पातळी प्रसिद्ध करतो. इशारा पातळी ३३९.५ मीटर, धोक्याची ३४०.५. राफ्टिंग त्याच्या कितीतरी आधी थांबतं, त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा तो कालच्यापेक्षा चढता आहे की उतरता, हे बघावं.

एवढ्या लांब जायचं नसेल तर रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका आहे. तिचं पाणी मुळशी तलावातून भिऱ्याच्या वीजघरात पडून खाली येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. इथे बर्फ नाही, फक्त टर्बाइन. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट त्याच्याबरोबर निघतात, उशीर झाला तर पाणी पुढे निघून जातं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ‘उद्या पाणी सुटणार का, किती वाजता’ एवढंच विचारायचं.

काठावर पोचल्यावर राफ्ट हातानं दाबून पाहा. गाईड हसला तर हसू द्या. राफ्टमध्ये हवेचे स्वतंत्र कप्पे असतात आणि त्यांतला दाब साधारण २ ते २.५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठेवतात. समजा ४५ अंशांच्या तापल्या वाळूवर तो २.५ पर्यंत भरला आणि १५ अंशांच्या पाण्यात लोटला. भोवतीच्या हवेचा दाब धरून आतला एकूण दाब होता १७.२, थंड होताना तो १५.६ वर येतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब उरतो जेमतेम ०.९. रबराचं कापड थोडं आवळतं म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी पडतो, तरी राफ्ट लिबलिबीत होतो आणि मोठ्या लाटेत मधूनच दुमडतो. उलट, सकाळी गारव्यात टणक भरलेला राफ्ट दुपारभर वाळूवर ठेवला तर दाब जवळपास दुप्पट होऊन शिवण उकलू शकते. पाण्यात लोटल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारणारा गाईड आपलं काम जाणतो.

लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावून दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. पांढऱ्या पाण्यात घट्ट जॅकेटही थोडं कमीच उचलतं: फेसाळ पाण्यात ४० टक्के हवा असेल तर उचलही तेवढीच घटते. माणूस दोन-तीन सेकंद खाली जाऊन वर येतो ते त्यामुळे. त्या वेळी श्वास धरून ठेवायचा असतो आणि नेमका तोच सुटतो. ४४ अंशांच्या उकाड्यातून आलेलं अंग गार पाण्यात पडलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, तोंड पाण्यात असलं तरी. म्हणून निघण्याआधी काठावर मान, छाती आणि तोंडावर चार-पाच वेळा पाणी मारून घ्यावं. पाणी अंगाची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढतं, त्यामुळे सुती कपड्यांपेक्षा लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. पायात टाचेला पट्टा असलेली सॅंडल.

राफ्टमधून पडल्यावर उताणं व्हायचं, पाय पुढे, वाहत्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ. उभं राहायचं नाही. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पाणी मांडीएवढं दिसलं की माणूस सवयीनं पाय टेकतो. पाय दोन दगडांच्या फटीत जातो, वरून तो ६० किलोचा जोर पाठीवर येतो आणि कमरेएवढ्या पाण्यात डोकं खाली दाबलं जातं.

तिकडून परतल्यावर पावसाळ्यात तापी, पांझरा किंवा गिरणेत असाच प्रयोग करण्याची हौस कुणाला येते. ती करू नये, आणि कारण पुराचं पाणी एवढंच नाही. आपल्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी तळाला बुडी मारतं आणि वरचं पाणी उलटं भिंतीकडे ओढलं जातं. निसर्गातल्या होलला कुठेतरी फट असते, तिथून माणूस बाहेर फेकला जातो. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा. त्याच्या पायथ्याच्या उलट्या पाण्याला फटच नाही. वरून पाहिलं तर ती गुळगुळीत, निरुपद्रवी सरळ रेषा दिसते.

राफ्ट पाण्यात लोटण्याआधी गाईड सूचना देतो, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळाचा उपयोग करून पाण्याच्या अगदी कडेला वाळूत एक काठी रोवावी. सूचना संपेपर्यंत काठीचं बूड पाण्यात गेलं, पाणी हिरव्याचं करडं झालं, काटक्या-पाला वाहू लागला किंवा तळाशी गोटे एकमेकांवर आपटल्याचा दबका आवाज येऊ लागला, तर ते गाईडला दाखवायचं. तोही वर बघेल, फोन लावेल, आणि बहुधा राफ्ट परत गाडीच्या टपावर चढेल.